दिवाळीची नानकटाई बेकरीसारखी घरच्या ओव्हनमध्ये होते का? आणि भाऊबीजेला सगळ्यांना जेवायला कुठे न्यावं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत, दोन्ही दिवाळीचेच, म्हणून एकाच धाग्यात टाकतेय.

आमचं सासर कराडजवळ. तिकडे दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस बेकरीत सामान घेऊन जायची पद्धत आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. मैदा, रवा, बेसन, पिठीसाखर, डालडा, वेलची सगळं आपलं न्यायचं, बेकरीवाला किलोवर मजुरी घेतो, तिथेच मळून पत्र्यांवर लावून भट्टीत घालतो आणि आपण आपले रिकामे डबे घेऊन नंबर लावून बसायचं. सासूबाई दरवर्षी शेजारच्या दोघीतिघींना घेऊन जातात, रात्री उशिरा गरम डबे घेऊन परत येतात. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात ती नानकटाई भरलेली असते आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पुरते, येणाऱ्या जाणाऱ्याला चहाबरोबर तीच.

यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि त्या आमच्याकडे पुण्यात आहेत. चकली, चिवडा, लाडू होईल, त्याची काळजी नाही, पण त्या दोनदा म्हणाल्या की यंदा नानकटाई नाही. मागून घेणाऱ्यातल्या नाहीत त्या, दोनदा म्हणाल्या म्हणजे मनात आहे. मला ती घरी करायचीय. २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन आहे. मी अधूनमधून करते तेव्हा नानकटाई पसरते, वरून गुळगुळीत राहते, भेगा पडत नाहीत, आणि खाताना बिस्किटासारखी कडक लागते, तोंडात टाकल्यावर विरघळत नाही. साजूक तूप वापरते, यूट्यूबवरचं प्रमाण. नक्की काय बदलू?

दुसरं म्हणजे भाऊबीजेला नणंद, तिचे मिस्टर, दोन मुलं येणार, आम्ही चौघं आणि सासू-सासरे, असे दहा जण. सासूबाईंनी यावेळी स्वतःच सांगितलंय की त्या दिवशी चूल पेटवू नका, सगळे बाहेर जेवू. पण त्या वॉकर घेऊन चालतात, सासऱ्यांची ॲंजिओप्लास्टी झालीय, मुलांना पनीर पाहिजे आणि सासऱ्यांना भाकरी. कर्वेनगरहून फार लांब नको. सुचवा.

---

भट्टीवाला

ताई, आमची सांगली जिल्ह्यात बेकरी होती, आजोबांनी सुरू केलेली, वडिलांनी चालवली, मी कॉलेज होईपर्यंत दिवाळीत रोज तिथेच असायचो. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेकरीच्या नानकटाईत तीन गोष्टी वेगळ्या असतात. उष्णता, चरबी आणि फुगवायचं औषध.

उष्णतेचं आधी. विटांची भट्टी असते ना, ती संध्याकाळी लाकूड घालून तापवायची, निखारे बाजूला ओढायचे, ओल्या फडक्यानं तळ पुसायचा. पहिल्या कडक तापावर पाव निघतात. पाव झाल्यावर भट्टी उतरायला लागते, म्हणजे विटांत साठलेली उष्णता हळूहळू कमी होत जाते, आणि त्या उतरत्या तापावर खारी, बिस्किटं, नानकटाई. सगळ्यात शेवटी टोस्ट, ते रात्रभर आत सुकत राहतात. म्हणून बायका संध्याकाळी सातला येऊन बसल्या तरी त्यांचा नंबर रात्री दहाच्या पुढेच लागायचा, उशीर कोणी मुद्दाम करत नव्हतं, नानकटाईचा ताप यायचा असतो. त्या तापात पीठ वरून, खालून, बाजूनं एकसारखं भाजतं आणि वरचा भाग लाल व्हायच्या आत आतून कोरडं होतं.

ओटीजीत दोन सळया असतात, त्या लाल होतात विझतात लाल होतात विझतात. १८० ला लावलं तर सळई चालू असताना वरचं पीठ लगेच भाजून बंद होतं. नानकटाईला १८० नकोच. १६० ठेवा, दोन्ही सळया चालू, मधला कप्पा, आणि आधी पंधरा मिनिटं तरी रिकामा तापवा. दिवा विझला म्हणजे तापला असं धरू नका, अजून पाच मिनिटं जाऊ द्या म्हणजे आतला पत्रा पण तापतो. शक्य असेल तर ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर घ्या, घरगुती ओटीजीचा काटा आणि आतलं खरं तापमान यात बराच फरक असतो.

आता चरबी. बेकरीत साजूक तूप कोणीच वापरत नव्हतं, डालडाच. डालडा जास्त तापमानाला वितळतो आणि साजूक तूप साधारण तिशीच्या पुढे पातळ व्हायला लागतं. म्हणजे तुमचं पीठ ओव्हनमध्ये गेल्या गेल्या तूप पळतं, मैदा अजून सेट झालेला नसतो, त्यामुळे गोळा बसतो आणि पसरतो. तुमच्या पसरण्याचं मुख्य कारण हेच असणार. तूप वितळवून घालत असाल तर अजूनच. तूप थिजलेलं, रवाळ पाहिजे, आणि ते पिठीसाखरेबरोबर पांढरं शुभ्र होईपर्यंत फेसायचं. आमच्याकडे परातीत तळहाताच्या मागच्या भागानं घासून घासून फेसायचे, माणूस घामाघूम व्हायचा. त्यात हवा भरते, तीच नानकटाई हलकी करते. घरी हँड ब्लेंडर चालेल.

तिसरं, बेकरीत अमोनिया घालतात, बेकरीचा खायचा अमोनिया. तापला की पूर्ण गॅस होऊन उडून जातो, मागे काही राहत नाही, म्हणून भेगा मोठ्या आणि खुसखुशीत पोत. घरी मी सांगणार नाही. छोट्या ओव्हनमध्ये दार उघडलं की वास डोळ्याला झोंबतो आणि नानकटाई जाड असेल तर आत वास राहतो. बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा यावर चांगली होते, वास न येता.

---

नाशिकची_सुगरण

भट्टीवाला दादांनी कारण सांगितलंच आहे, मी प्रमाण देते. वाटीनं देत नाही, वजनानं घ्या, कारण मैद्याची वाटी कोण दाबून भरतं कोण सैल, आणि तिथेच गडबड होते.

मैदा २०० ग्रॅम, बेसन ७५, बारीक रवा २५. पिठीसाखर १५०. थिजलेलं तूप १७०. बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, सोडा पाव चमच्याच्याही निम्मा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ. मीठ विसरू नका, त्याशिवाय नुसती गोड लागते.

तूप आधी एकटं फेसा, मग पिठीसाखर दोन हप्त्यात. मैदा, बेसन, सोडा, पावडर एकत्र दोनदा चाळून घ्या आणि तुपात घालून फक्त गोळा जमेपर्यंत बोटांनी एकत्र करा. मळायचं नाही हं! चपातीसारखं मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि मग तो कडकपणा, जो तुम्हाला जाणवतोय. गोळा कोरडा वाटला तर चमचाभर तूप, दूध अजिबात नाही.

मग गोळे वळून ट्रेवर लावा आणि ट्रेसकट वीस मिनिटं फ्रीजमध्ये. हे फार महत्त्वाचं आहे, साजूक तूप वापरणाऱ्यांनी तर सोडूच नये. गोळा चपटा करायचा नाही, वर हलकं बोट दाबून चारोळी किंवा पिस्ता लावायचा, बस. थंड गोळा गरम ओव्हनमध्ये गेला की बाहेरचा भाग आधी सेट होतो आणि आतून फुगताना वर भेगा पडतात. त्या भेगा तुम्हाला पाहिजेत ना, त्या अशा येतात.

१६० वर १८ ते २२ मिनिटं. वरून फिकटच राहिली पाहिजे, खालून बदामी. बाहेर काढल्यावर मऊ लागते, हात लावू नका, ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या. मऊ आहे म्हणून परत आत ढकलली की संपलं, गार झाल्यावर दगड.

एवढ्या पिठात साधारण २२-२५ होतात. २८ लिटरच्या ट्रेवर अंतर ठेवून बारा-पंधराच बसतात तेव्हा दोन खेपा. दुसरी खेप फ्रीजमध्येच थांबू द्या, ओट्यावर नको.

---

कृष्णाकाठची

दोघांचेही खूप आभार, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. तूप मी पातळ करूनच घालत होते आणि फ्रीजचं तर माहीतच नव्हतं.

आता एक पेच. सासूबाईंना बेकरीचीच चव हवीय, म्हणजे डालडाची. साजूक तुपाची करून दिली तर छान आहे म्हणतील, खातील, पण ती त्यांची नानकटाई नसेल. आणि सासऱ्यांच्या हृदयाचं असं, घरात डालडा आणायला मन धजत नाही. काय करू?

---

पथ्यपाणी

डालड्याबद्दल थोडं. वनस्पती तुपाची भीती होती ती ट्रान्स फॅटमुळे. तेल घट्ट करताना अर्धवट हायड्रोजनेशन व्हायचं, त्यात ते तयार व्हायचं. आता एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा नियम आहे, जानेवारी २०२२ पासून तेल, वनस्पती, बेकरी शॉर्टनिंग यात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही. म्हणजे आधीसारखी परिस्थिती नाही. पण म्हणून डालडा चांगला झाला असं अजिबात नाही, सॅच्युरेटेड फॅट भरपूर असतंच, साजूक तुपातही असतंच. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला दोन्हीची नानकटाई डबाभर नकोच. एखादी, तीही डॉक्टरांना विचारून, रोज नाही. त्यांना मधुमेह पण असेल तर आणखी जपून.

घरात दोन प्रकारच्या करण्यापेक्षा एकच करा आणि डबा कुठे ठेवायचा ते सासूबाईंनाच ठरवू द्या, त्या आपल्या नवऱ्याला बरोबर ओळखत असतील :)

---

भट्टीवाला

अर्धा डालडा अर्धं साजूक तूप घ्या. १७० ग्रॅम पाहिजे ना, तर ८५-८५. पोत बेकरीचा येतो आणि वास तुपाचा. आमचे वडील घरच्यासाठी असंच करायचे. आणि बेकरीच्या चवीतली अजून एक गोष्ट सांगायची राहिली, बेसन. बेकरीत बेसन जरा जास्त असतं आणि कच्चंच असतं, भाजलेलं नाही, ते भट्टीत भाजलं जातं. घरी लोक बेसन आधी भाजून घेतात, मग लाडूसारखा वास येतो. कच्चंच घ्या, मैदा २५ ग्रॅमनं कमी करून बेसन २५ नं वाढवा.

आणि जायफळ वेलची दोन्ही, पण वेलची जाडसर कुटलेली. बेकरीत वेलचीची सालं पण पिठीसाखरेबरोबर दळून घालायचे, वाया काही जात नाही.

---

गव्हाचीच_बरी

मी वेगळं सांगते, पटलं तर बघा. एवढा मैदा कशाला? आमच्याकडे गव्हाच्या पिठाची नानकटाई होते, गूळ पावडर घालून, मुलं आवडीनं खातात, आणि आजकाल सगळ्यांनाच शुगर-बीपी असताना परंपरा म्हणून मैदा-डालडा चालू ठेवायचं मला पटत नाही.

---

नाशिकची_सुगरण

गव्हाची चांगली होते, मीही करते, पण ती वेगळी वस्तू आहे. गुळात ओलावा असतो त्यामुळे जास्त पसरते आणि मऊ पडते, आठ दिवसांच्या वर टिकत नाही. मुलांच्या डब्याला रोज द्यायची तर गव्हाचीच द्या, शंभर टक्के. पण इथे ताईंना सासूबाईंच्या हातात त्यांच्या गावची नानकटाई ठेवायचीय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, गाव सोडून पुण्यात दिवाळी करणाऱ्या बाईला ह्या वर्षी पौष्टिक पर्याय देऊ नये असं मला मनापासून वाटतं. वर्षातून एकदा मैदा खाल्ल्यानं काही होत नाही.

---

वसईची_पोर

हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे नाताळला अगदी हेच! केकचं मिश्रण घरी कालवायचं, पातेली डोक्यावर घेऊन बेकरीत, आपापले डबे ओळखायला कागदाची चिठ्ठी किंवा कडेला दोरा. घरोघरी ओव्हन आले तसं कमी झालं पण माझ्या आईला अजून घरच्या ओव्हनचा केक भाजल्यासारखा वाटत नाही. रव्याचा केक आमच्याकडे जास्त, रवा आणि ओलं खोबरं घालून, रात्रभर भिजत ठेवायचा म्हणजे रवा फुलतो. मी त्यात वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, बारीक चिरून घालते, खजुरापेक्षा मला ती आवडतात. नाताळच्या दिवशी सकाळी फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, नारळाच्या दुधातले, आणि मटणाचा रस्सा किंवा सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा. नेवऱ्या आणि कलकल, म्हणजे तळलेले छोटे गोड शंख, आठवडाभर आधीच डब्यात. तुमच्या करंज्या आणि आमच्या नेवऱ्या बहिणीच, शेजारच्या काकू दिवाळीत करंज्या देतात, नाताळला आम्ही ताट भरून परत पाठवतो, रिकामं ताट कधी पाठवायचं नाही.

मुंबईत मात्र लाकडाच्या भट्ट्यांचं अवघड झालंय. हायकोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणावरून लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं. धूर कमी व्हायला हवा हे मान्यच, माझ्या भाच्याला दमा आहे, मला कळतं. पण छोट्या बेकरीवाल्याला नवीन ओव्हनचा खर्च फार जड आहे, त्यांना त्यासाठी मदत मिळाली पाहिजे असं मला वाटतं, नाहीतर पाव करणारी ही दुकानं एकेक करून बंद होतील. ज्यांच्या गावात अजून भट्टी आहे त्यांनी दिवाळीला तिथेच सामान न्या.

ताई, माझा एक सल्ला, ओटीजीत खालून लवकर करपत असेल तर ट्रेखाली आणखी एक रिकामा ट्रे ठेवा. केकला मी कायम तसंच करते.

---

एडिसनहून

न्यू जर्सीत राहतो, इकडे दिवाळीला मित्रमंडळी जमतात तेव्हा नानकटाई माझ्याकडे असते. परदेशातल्या लोकांसाठी लिहून ठेवतो, कोणाला उपयोग होईल. इथला ऑल पर्पज मैदा आपल्या मैद्यापेक्षा जास्त प्रोटीनचा असतो, त्यानं कडक होते, म्हणून मी पंधरा टक्के मैदा काढून तेवढा कॉर्नस्टार्च घालतो. ओव्हन ३२५ फॅरनहाइट, म्हणजे १६० सेल्सिअसच्या आसपास, पंखा चालू असेल तर ३००. बटर वापरू नका, त्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, नानकटाई कुकी होऊन जाते. इंडियन ग्रोसरीतलं तूप फ्रीजमध्ये एक तास ठेवून घट्ट करून घ्या. आणि बेसन शक्यतो ताज्या पाकिटाचं, जुन्या बेसनाला कडवट वास येतो आणि तो भाजूनही जात नाही.

इकडच्या मुलांना नानकटाई म्हणजे काय ते माहीतच नसतं, पण एकदा खाल्ली की पुढच्या वर्षी स्वतः विचारतात. माझी मुलगी चारोळी लावायचं काम दुसऱ्या कोणाला देत नाही.

---

हॉस्टेलवासी

ओव्हनच नसेल तर? रूमवर फक्त गॅस आणि जाड बुडाची कढई आहे, घरी जायला यावेळी सुट्टी नाही.

---

नाशिकची_सुगरण

होते की! कढईत तळाला बोटभर जाड मीठ पसर, साधं जाडं मीठ, त्यावर एखादी रिंग किंवा उलटी वाटी, वर घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापव. मग आच एकदम बारीक कर, तूप लावलेल्या ताटलीत पाच-सहा गोळे लावून आत ठेव आणि झाकण. २५ मिनिटांच्या आत उघडायचं नाही. वरून भाजत नाही त्यामुळे पांढरीच राहते, खालचा रंग बघून काढ. झाकणावर पाणी जमा होत असेल तर झाकणाला आतून फडकं बांध, टोकं वर घे, गॅसजवळ लोंबू देऊ नकोस. आणि ते मीठ नंतर स्वयंपाकात वापरू नकोस, डब्यात भरून पुढच्या वेळी ह्याच कामाला ठेव. सुट्टी नाही तर नाही, रूमवर दिवाळी कर, मित्रांना बोलाव.

---

पेठेतला

बाकी सगळं बोलून झालंय, जेवणाचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

पुण्यात दिवाळीत बाहेर जेवायचं म्हणजे पहिली गोष्ट, फोन केल्याशिवाय निघायचं नाही. लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला बरीच जुनी हॉटेलं बंद असतात, कामगार गावाला गेलेले असतात, भाऊबीजेला उघडी असली तरी निम्म्या माणसांवर चाललेली असतात आणि गर्दी दुप्पट. गेल्या भाऊबीजेला एका ठिकाणी आम्हाला पाऊण तास बाहेर उभं केलं, बरोबर माझी ऐंशीची आत्या होती, बसायला खुर्ची पण नव्हती. तेव्हा वॉकरवाल्या माणसाला घेऊन जाताना मी चव दुसऱ्या नंबरला ठेवतो. आधी विचारा पायऱ्या किती, तळमजल्यावर टेबल मिळेल का, सोफ्यासारखी खोल बाक नको, हाताची सरळ खुर्ची आहे का, गाडी दारापर्यंत येते का, बाथरूम त्याच मजल्यावर आहे का. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खालच्या खुर्चीवरून उठणं ही मोठी शिक्षा असते.

थाळी घेऊ नका असं मी म्हणेन. टिळक रोडला दुर्वांकुर, आपटे रोडला श्रेयस ही थाळीची नावं सगळ्यांना माहीत आहेत, जेवण उत्तम, कर्वेनगरहून फार लांबही नाही. पण थाळीत वाढपी सारखे येतात, सासऱ्यांना नको म्हणता म्हणता दोन गोड पोटात जातात, आणि सासूबाईंना अर्ध्या तासात उठवायची घाई होते. त्यापेक्षा भाकरी-पिठलं आणि पनीर दोन्ही मिळेल असं तुमच्याच भागातलं एखादं साधं फॅमिली हॉटेल बघा, जिथे निवांत बसू देतात. सासऱ्यांना ज्वारीची भाकरी, भरलं वांगं कमी तेलाचं सांगितलं तर करून देतात, फक्त आल्या आल्या सांगायचं.

वेळ साडेअकराची धरा. ओवाळणं सकाळी दहाला उरकून घ्या, साडेअकराला टेबल, एकच्या गर्दीच्या आत घरी. दुपारी सासूबाईंना पाय वर करून आराम मिळतो आणि संध्याकाळी चहाला नानकटाई. दहा जणांचं टेबल दोन दिवस आधी फोनवर सांगून ठेवा आणि सकाळी परत एकदा फोन करा.

आणि नणंदेच्या मुलांना कॅम्पात न्यायचं असेल तर ईस्ट स्ट्रीटच्या कयानीत श्रूसबेरी बिस्किटं घ्यायला न्या, १९५५ ची बेकरी आहे, पण दुपारी बंद असते आणि दिवाळीत चालू आहे का ते आधी बघून घ्या. मुलांना बेकरी म्हणजे काय ते दिसेल.

---

सुरती_जावई

बेकरीचा विषय आहे तर सांगतो. माझी सासुरवाडी सुरतची, तिकडे नानकटाईचं मूळ सुरतेत आहे असं सगळे अभिमानानं सांगतात, डच वखारीच्या वेळची बेकरी, मग ती पारशी दोटीवालांकडे आली. गोष्ट किती खरी ते इतिहासकार बघतील, पण दोटीवालांची बेकरी १८६१ पासूनची आहे आणि आजही चालू आहे, सुरतला गेलो की नानकटाई आणि जिऱ्याची बटर बिस्किटं आणल्याशिवाय बायको गाडीत बसत नाही. तिकडची नानकटाई आपल्यापेक्षा मोठी आणि जास्त भुसभुशीत.

पेठेतला यांचं खुर्चीचं एकदम बरोबर. माझ्या वडिलांच्या ऑपरेशननंतर आम्ही घरून घट्ट उशी नेतो, खुर्ची खाली वाटली की उशी टाकायची. कोणी काही म्हणत नाही.

---

कृष्णाकाठची

काल दुपारी अर्ध्या प्रमाणात करून बघितली. अर्धा डालडा अर्धं तूप, बेसन वाढवून, वीस मिनिटं फ्रीजमध्ये, १६० वर. भेगा पडल्या!! पसरली नाही. सासूबाईंना न सांगता केली होती पण वासानं त्या वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या. एक गार होईपर्यंत थांबल्या, खाल्ली, आणि म्हणाल्या वेलची कमी आहे, आणि आमच्या बेकरीत थोडी अजून फिकट काढतात. मला हे ऐकून इतका आनंद झाला, कारण त्या नुसतं छान म्हणाल्या असत्या तर मला कळलं असतं की नाही जमली. आता मोठा घाणा त्या स्वतः बसून करून घेणार आहेत, खुर्ची ओट्याजवळ ठेवलीय, फेसायचं काम माझ्याकडे आणि गोळे वळायचं त्यांच्याकडे. किलोभर मैद्याची करायची असं त्यांनीच ठरवलंय, शेजारच्या तीन घरांत पण द्यायचीय म्हणे.

जेवायचं पण ठरलं. घराजवळच एक तळमजल्यावरचं हॉटेल आहे, हाताच्या खुर्च्या आहेत, नवरा स्वतः जाऊन बसून बघून आला. साडेअकराचं टेबल सांगितलंय. उशी पण नेणार.

भट्टीवाला दादा, एकच विचारायचंय, किलोच्या प्रमाणात सोडा-पावडर त्याच हिशोबानं वाढवू का? आणि डब्यात भरताना खाली काय घालू, गावाकडे कागद असतो पण वर्तमानपत्र नको वाटतं.

---

भट्टीवाला

पावडर हिशोबानं वाढवा, सोडा नाही. किलोभर मैद्याला सोडा अर्ध्या छोट्या चमच्याच्या वर नको, जास्त झाला की रंग काळपट येतो आणि घशात साबणासारखं लागतं. आणि किलोचं पीठ एकदम एकत्र करू नका, तुमच्या ओव्हनला आठ-दहा खेपा लागतील, तोवर सोडा-पावडरचा जोर जातो. तूप-साखर एकदम फेसून फ्रीजमध्ये ठेवा आणि पीठ दोन-दोन खेपांपुरतं मिसळत जा.

वर्तमानपत्र नकोच, शाई लागते. बटर पेपर किंवा धुतलेलं कोरडं सुती फडकं. डबा स्टीलचा, पूर्ण गार झाल्यावरच भरायचं, किंचित कोमट असली तरी झाकणाला वाफ धरते आणि सगळा डबा मऊ पडतो. चकली-चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवू नका, लसणाचा वास नानकटाई लगेच ओढून घेते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि फिकट काढायची असेल तर शेवटची चार मिनिटं वरची सळई बंद करा.